सातव्या ग्रीनवरची पट्टी

"बाई, असं पाहिजे! सगळीकडे असं पाहिजे!" गोल्फ क्लबचे सेक्रेटरी सातव्या ग्रीनच्या, झेंड्याच्या होलभोवतीच्या आखूड गवताच्या, मधोमध उकिडवे बसले होते आणि गुणी मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा गवतावरून हात फिरवत होते. "बाकी सगळ्याची तुम्ही चाळण करून टाकलीत. चेंडू टुणटुण उड्या मारतो, आणि मेंबर माझ्या नावाने खडे फोडतात. पण ही एवढी पट्टी बघा. इथे चेंडू कसा शहाण्यासारखा जातो! मग सगळंच असं का नाही करत तुम्ही?" मैदानाची देखभाल करणारी ती बाई हातात लांब दांड्याचा झाडू धरून उभी होती. सेक्रेटरींचा हात फिरत होता तिथे तिने पाहिलं. ग्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, यंत्राच्या एका फेरीएवढी रुंद, सरळ पट्टी, आणि तिच्यात एकही भोक नाही. दोन्ही बाजूंना वाळूने भरलेली भोकं ओळीने बसलेली, आणि मधे ही, कालच इस्त्री केल्यासारखी. आठ दिवस वरच्या वाळूखाली झाकून राहिली होती. वाळू पाण्याबरोबर खाली गेली आणि पट्टी उघडी पडली. "बघते," ती म्हणाली. सेक्रेटरींना वाटलं, आपलं म्हणणं बाईंना पटलं. ते गुडघे झटकत उठले आणि खुशीत चहाला गेले.

तिला मात्र तिथून हलवेना. इतकी वर्षं या गवतावर काढलेल्या बाईच्या हातून हे व्हावं! यात समजायला अवघड असं काही नाही. माणसं रोज चालतात, माती दबते. मेलेल्या काड्यांचा थर वर साचत जातो, त्यातून ना पाणी खाली उतरत ना हवा. मग मुळ्या खाली जायचं सोडून वरच्यावर आडव्या पसरतात, आणि गवत वरून इतकं छान दिसतं की बघणाऱ्याने फसावं. ऊन तापलं की एका आठवड्यात त्याचा खरा चेहरा दिसतो. म्हणून वर्षातून दोनदा, ग्रीन उत्तम दिसत असतानाच, त्याला भोकं पाडायची, मातीच्या कांड्या उपसून काढायच्या, भोकांत वाळू भरायची आणि दोन-तीन आठवडे सगळ्यांच्या शिव्या खायच्या. मेंबरांना हे सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. आणि आता तिने स्वतःच एक पट्टी सोडली होती, आणि सगळ्या मैदानात कौतुक व्हायचं तर नेमकं त्या पट्टीचं! दुसरा कुठला दिवस असता तर ती पोट धरून हसली असती. आज तिला हसू येईना, कारण ती पट्टी कशी राहिली हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भोकं पाडायच्या यंत्राला तिचे सासरे सुतारपक्षी म्हणायचे, आणि ते मैदानावर कामाला होते तेव्हापासून सगळेच तसं म्हणत. सुतारपक्षी ठकठक करत पुढे जातो, त्याचे पोकळ दात जमिनीत घुसतात, निघतात, घुसतात, आणि त्याच्यामागून चालणाऱ्याच्या पायांतून तो ठोका पोटरीपर्यंत चढतो. चालवणाऱ्याने करायचं एकच, मागच्या फेरीच्या कडेवर नजर ठेवायची. त्या दिवशी तिची नजर कडेवर होती, पण मन शेडच्या मागे होतं. तिथे तासाभरापूर्वी धारवाला तिच्याशी बोलला होता. गवत कापायच्या यंत्रांच्या पात्यांना धार लावणारा हा माणूस आपली बंद गाडी घेऊन शहरभरच्या मैदानांवर फिरायचा. काम करताना शीळ घालायचा, एकटाच राहायचा, आणि गेलं वर्षभर या क्लबची पाती जरा जास्तच वेळा बोथट होत होती. हात पुसता पुसता तो म्हणाला होता, "मी अजून किती दिवस नुसती पातीच घासत येऊ?" तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "लग्न करू या आपण. घरी तू विचारतेस, की मी येऊन विचारू?" "आधी भोकं पाडून होऊ देत," ती म्हणाली. "बरं. मग?" "मग वाळू." "आणि वाळूनंतर?" "नंतर पाणी." तो हसला होता. पण गाडी घेऊन निघाला तेव्हा शीळ घालत नव्हता. न ऐकू आलेली ती शीळच तिच्या कानांत बसली. ठकठक, ठकठक. आपण याला का टाळतोय? माणूस चांगला आहे. हसवतो. नको आहे का आपल्याला? हवाय. मग? वळणावर तिने यंत्र वळवलं, नव्या फेरीला लावलं, आणि कुठल्या कडेला लावलं ते तिला कळलंच नाही.

टाळायला कारण होतं, आणि ते कारण दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या घरात खिडकीपाशी तिची वाट बघत बसलेलं असायचं. सासऱ्यांना तिच्याशिवाय कुणी नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मैदान सुटलं, पण मैदानाने त्यांना सोडलं नव्हतं. संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच विचारपूस सुरू व्हायची, तिसऱ्याच्या उतारावर पाणी साचतं का, चौदाव्यावर शेवाळ आलं का, झेंड्याची जागा रोज बदलता ना. ती सांगायची, ते ऐकायचे, मधेच खेकसायचे, मधेच खूश व्हायचे. हे सगळं काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती एका दुकानात हिशेब ठेवायची. मैदानात माणसं कमी पडली म्हणून चार दिवस मदतीला गेली आणि तिथलीच झाली. खालच्या मजल्यावरची बाई जिना चढता-उतरता म्हणायची, सासरा-सून असावेत तर असे, कधी शब्दाने शब्द वाढत नाही. हे ऐकून पूर्वी तिला बरं वाटायचं. आज बसमध्ये दांडी धरून उभी असताना ते वाक्य तिला आठवलं आणि सेक्रेटरींचा गवतावरून फिरणारा हात डोळ्यांसमोर आला. तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

शब्दाने शब्द कसा वाढणार? एका माणसाबद्दल त्या घरात शब्दच निघत नव्हता. तिचा नवरा विजेची कामं करायचा, उंच इमारतींत तारा ओढायचा. त्याला गवतातलं ओ की ठो कळत नव्हतं. जेवताना बाप आणि बायको मुळ्यांबद्दल बोलायला लागले की तो ताटावरून उठायचं नाटक करायचा. "मी जातो, तुम्ही दोघं चरा." मग एका आठवड्याच्या तापाने तो गेला. तपासण्या, बाटल्या, जाळीच्या खिडकीतून बोलणारी नर्स, आणि मग काहीच नाही. सगळं आटोपून दोघं घरी आली ती संध्याकाळ तिला जशीच्या तशी आठवत होती. दाराचं कुलूप तिने काढलं. सासरे आत येऊन खुर्चीवर बसले. ते आता काय बोलतील या धास्तीने ती भिंतीला टेकून उभी होती. ते म्हणाले, "बाराव्याला पाणी दिलं का कुणी?" ती म्हणाली, "दिलं असेल." "असेल नको. उद्या बघ." दुसऱ्या दिवशी तिने बघितलं, संध्याकाळी सांगितलं. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. आधी तिला त्यांचा राग आला होता. पोटचा पोरगा गेला आणि या माणसाला पाण्याची पडलीय! नंतर राग गेला, सवय लागली. त्याचा विषय निघेल असं काही समोर आलं की दोघंही त्याला वळसा घालून जायची. त्याच्या वस्तू असलेला कपाटाचा वरचा कप्पा दोघांपैकी कुणी उघडत नव्हतं. त्या कप्प्याला कुलूप नव्हतं.

आता त्या घरात जाऊन, ज्याचं नाव निघत नाही त्याच्या बापाला सांगायचं, की मला दुसरं लग्न करायचंय. जीभ रेटणार कशी? ते रागावतील याची तिला फारशी भीती नव्हती. ते रागावणार नाहीत, बरं म्हणतील आणि त्यानंतर ग्रीनबद्दलही विचारायचे थांबतील, याची होती. मग तिचं काय राहिलं? आईवडील कधीच गेलेले. हा म्हातारा म्हणजे तिचं माहेरही होता आणि सासरही. तो गेला तर दोन्ही एकदम जातील.

दर वेळी भोकं पाडली की मातीची एक कांडी रुमालात गुंडाळून घरी न्यायची तिची रीत होती. सासरे ती खिडकीच्या उजेडात धरायचे, वास घ्यायचे, मोडून बघायचे. या वेळची कांडी देऊन झाली होती. आज तिने पट्टीतून नळीने नवी कांडी काढून आणली. का आणली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि काही न बोलता रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी रुमाल उलगडला. कांडी नाकापाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे कुठलं?"

"सातव्याचं."

"सातव्याचं गेल्या आठवड्यात दाखवलंस ना? ते चांगलं होतं. हे कुजायला लागलंय." त्यांनी कांडी मोडली. मुळ्या वरच्या बोटभर थरातच गुंता करून बसल्या होत्या, खाली नुसती काळपट माती. "इथे दात लागलेले नाहीत. हा तुकडा राहिलाय."

"हो. एक फेरी सुटली."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

ते तिच्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझ्याकडून?" ते म्हणाले. "तुझं लक्ष कुठे होतं?"

"डोकं दुखत होतं."

"डोकं दुखत असताना तू त्या धुडाला हात लावत नाहीस. मीच शिकवलंय तुला." ती ओट्याकडे वळली आणि उगाचच भांड्यांची आवराआवर करू लागली. मागून ते म्हणाले, "उद्या सकाळी मातीत खुपसायचा काटा घेऊन जाऊ. हातानेच करावं लागेल. वाळू टाकलेल्या ग्रीनवर पुन्हा यंत्र फिरवलंस तर सगळं उखडेल."

"मी करते ना. तुम्ही कशाला?"

"मी येणार."

"अहो मामंजी, गुडघे?"

"गुडघे घरी ठेवून येतो," ते म्हणाले, आणि विषय संपला.

पहिल्या बसने ते निघाले तेव्हा त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि दाढी केली होती. तिला ते बघून भरून आलं. मैदानावर दव होतं. शेडपासून सातव्यापर्यंत तिने त्यांना सामानाच्या छोट्या गाडीत बसवून नेलं. वाटेत ते प्रत्येक झाडाकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होते आणि एकाचंही कौतुक करत नव्हते. ग्रीनच्या कडेला त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभे राहिले. पाय टेकवत टेकवत थोडं चालले. पट्टीवर आले तेव्हा डोळे मिटून थांबले. "इथे," ते म्हणाले. "मऊ लागतं बघ. गादीसारखं. लोकांना आवडत असेल."

"फार आवडतंय. सेक्रेटरी म्हणतात, सगळीकडे असंच पाहिजे."

"त्याला म्हणावं, गादी घरी घाल." तिला हसू फुटलं. तेही हसले. मग त्यांनी तिच्या हातातला चार दातांचा काटा ओढूनच घेतला. पायाचा जोर नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी दांडा धरून अंगाचा भार टाकायचे, काटा खाली जायचा, मग दांडा किंचित मागे-पुढे हलवायचे. आत माती सुटल्याचा बारीक आवाज यायचा. ती मागून वाळू टाकून झाडूने भोकांत ढकलत होती. थोडा वेळ दोघं नुसतंच काम करत राहिली. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने ओली झाली. तिला वाटलं, असंच चालू दे. पट्टी संपेल, दोघं घरी जाऊ, संध्याकाळी ते चौदाव्याबद्दल विचारतील. आणि त्याच वेळी तिला त्या विचाराने गुदमरल्यासारखं झालं. इतकं, की ती झाडू टेकून उभी राहिली.

"आता सांग," ते मागे न बघता म्हणाले. "लक्ष कुठे होतं?"

त्यांची पाठ होती म्हणून तिला बोलता आलं. "धारवाला मला लग्नाचं विचारतोय."

काटा खाली गेला, हलला, वर आला. "पाती घासतो तो?"

"हो."

"घासतो चांगली." काटा पुन्हा खाली गेला. "तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आधी भोकं पाडून—"

"ते राहू दे. तुला करायचंय?"

तिला वाटलं होतं, ही वेळ आली की आपण खूप काही बोलू. तुम्हाला सोडून जाणार नाही, तुमचं सगळं बघीन, लोक काय म्हणतील. प्रत्यक्षात तोंडातून एकच शब्द निघाला. "करायचंय." दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा इतका तो आवाज मोकळा होता.

काटा जमिनीतच राहिला. सासरे दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती. झालं, तिला वाटलं, आता हे बरं म्हणतील आणि दार लागेल. पलीकडे पाण्याच्या फवाऱ्याची फिरकी टिकटिक करत एक चक्कर पुरी करून आली.

"माझ्या पोराचं," ते म्हणाले, "तू इतक्या वर्षांत एकदा नाव घेतलं नाहीस."

तिने वर पाहिलं. ते तिच्याकडे वळले होते.

"मला वाटायचं, विसरली. म्हटलं, विसरली तर बरंच आहे. तरुण पोर आहे, किती झुरत बसेल? आपण आठवण काढायची आणि तिला पुन्हा रडवायचं, कशासाठी? म्हणून मीही तोंड मिटून बसलो."

"मी विसरले?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला. सासऱ्यांपुढे तो कधी चढला नव्हता. "मी गप्प बसले ते तुमच्यामुळे! त्या दिवशी आपण घरी आलो आणि तुम्ही काय विचारलंत? बाराव्याला पाणी दिलं का! मला वाटलं, यांना ऐकवत नाही, यांच्यासमोर नाव काढायचं नाही."

"मग काय विचारणार होतो मी?" तेही ओरडले. "दुसरं काहीही विचारलं असतं तर खुर्चीतून खालीच पडलो असतो मी. तेवढंच एक वाक्य होतं माझ्याकडे."

ती रडत होती, तोंड न झाकता, नाक बाहीला पुसत. ते काट्याच्या दांड्याला धरून उभे होते. मग त्यांनी घसा खाकरला.

"लग्न झालं की मी तुझा कोण?"

"मामंजीच. दुसरं काही म्हणायला मला जमणार नाही."

"आणि मी तुला सूनबाईच म्हणायचं? त्याच्या तोंडावर?"

"त्याला सवय होईल. आणि मी काही घर सोडणार नाहीये. यायचं तर त्याने यायचं, आपल्याकडे. हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही. तुम्हालाच आधी सांगते."

सासऱ्यांनी बराच वेळ विचार केला. कपाळाला आठी पडली. "त्याची ती केवढी मोठी गाडी," ते शेवटी म्हणाले. "खाली लावणार कुठे? त्या जिन्यापाशी तर सायकल मावत नाही." आणि तिला कळलं की झालं. ती रडता रडता हसायला लागली. ते खेकसले, "हसतेस काय, रोज भांडणं होतील शेजाऱ्यांशी!" पण खेकसण्यात काही दम नव्हता.

अर्धी पट्टी अजून व्हायची होती. त्यांना धाप लागली होती, म्हणून तिने त्यांना वाळूच्या उलट्या घमेल्यावर बसवलं आणि काटा स्वतः घेतला. तिच्या पायाखाली काटा सहज जात होता. बसल्या बसल्या ते आपल्याशी बोलावं तसं सांगायला लागले, की पोरगा लहान असताना एकदा इथेच, झेंड्याच्या होलमध्ये हात घालून बसला होता, काही केल्या काढेना, आत बेडूक होता आणि त्याला वाटत होतं हात काढला की बेडूक एकटा पडेल. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने काटा थांबवून तीन-तीनदा विचारलं, बेडकाचं पुढे काय झालं. मग तिला राहवेना. "मी पण एक सांगते. तुम्हाला माहीत नाही हे. आमचं ठरायच्या आधी तो मला दुकानात भेटायला आला होता. म्हणाला, होकार द्यायच्या आधी एक ऐकून ठेव. माझ्या घरी एक म्हातारा आहे..."

तेवढ्यात उताराखालून चाकांच्या पिशव्या ओढत चौघे खेळाडू वर आले. पुढच्याने पट्टी पाहिली आणि तो जागच्या जागी थबकला. "अहो! हे काय करताय? हीच तर एक चांगली राहिली होती! आणि आमची पाळी आहे इथे!" ती सवयीने झाडू उचलायला वाकली. सासऱ्यांनी तिचा हात धरून तिला थांबवलं. ते घमेल्यावरून उठले नाहीत. त्यांनी चौघांकडे तळहात उंच धरला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय." आणि तिच्याकडे वळून, हळू आवाजात, जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "हं. मग? माझ्याबद्दल काय म्हणाला तो?"